निंबाचं नाव

मोहिनी जळगावच्या एका क्लासमध्ये पोलीस भरतीच्या मुलांना बुद्धिमत्ता चाचणी शिकवायची. चार वर्षं ती एकच गोष्ट घोटून घेत होती: पहिलं सुचलेलं उत्तर लगेच लिहू नका, आधी ते चुकीचं ठरवणारं काही सापडतं का पाहा. सुरुवातीला तीही फसायची. हजारो प्रश्न सोडवल्यावर तिचा हात आपोआप थांबायला लागला.

त्या रविवारी ती सावद्याजवळच्या आपल्या गावी होती. सकाळी मळ्यातून निरोप आला आणि ती भाऊ नवलबरोबर धावत गेली. घड लागलेली केळीची पाचशे झाडं कोणीतरी कोयत्यानं आडवी केली होती. तिचे वडील, तोतारामआबा, तुटलेल्या खोडांमध्ये नुसते बसून होते.

"कोनं केलं असंल?" नवलनं विचारलं.

"निंबा," मोहिनी म्हणाली.

महिन्यापूर्वी बांधावरून भांडताना शेजारच्या मळ्यातला निंबा चारचौघांत म्हणाला होता, तुमची बाग पाहून घेतो. एवढंच तिच्याकडे होतं. नवलनं कोयता उचलला. तीही मागं निघाली.

निंबा ओट्यावर पाय धूत होता. त्याच्या शर्टावर केळीचा ओला चीक दिसला आणि मोहिनीला खात्रीच पटली. नवलनं घाव घातला. निंबानं अडवायला हात वर केला, तर दोन बोटं तुटून पायरीवर पडली. त्याची बायको बेबाबाई मध्ये पडली, तेव्हा मोहिनीनंही दगड भिरकावला. तो तिच्या कपाळावर बसला.

बेबाबाई रक्त पुसत खाली बसली. "आमचीबी बाग कापली," ती म्हणाली. "हे तठून तर आले आत्ता."

दुपारपर्यंत कळलं, पाच जणांच्या बागा कापल्या होत्या. निंबाची बोटं पुन्हा जोडता आली नाहीत. नवल तुरुंगात गेला, मोहिनी जामिनावर सुटली. क्लासनं तिला काढून टाकलं. चार वर्षं शिकवलेलं त्या सकाळी एकदाही आठवलं नाही, हे तिला झोपू देईना.

दहा दिवसांनी गावानं पुनाला पकडलं. तो पिकलेल्या बागांतले घड तोडायला येणाऱ्या टोळीतला मजूर. पिशवीत कोयता, कोयत्याला चीक. चौकात खांबाला बांधून लोक त्याला पाइपांनी मारत होते. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता, तोंडातून रक्त गळत होतं. मोहिनीलाही क्षणभर वाटलं, हाच असेल. मग ती गर्दीत घुसली आणि त्याच्यापुढे उभी राहिली.

"घड तोडणाऱ्या सगळ्यांच्याच कोयत्याला चीक असतो," ती म्हणाली. "बागा कापल्या त्या रात्री हा कुठं होता, विचारलं का कोणी?"

बाग गेलेल्या गिरधरनं पाइप हाणला. तो तिच्या डाव्या कानावर बसला. ती पडली, उठली, परत तिथंच उभी राहिली. पुनाकडून त्याच्या टोळीच्या मुकादमाचा नंबर घेऊन तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असा फोन लावला. मुकादम म्हणाला, त्या रात्री अख्खी टोळी चोपड्याला मुक्कामी होती. तरी दोन फटके बसलेच. मग हात थांबले.

पुना वाचला. बागा कोणी कापल्या ते अजून कळलेलं नाही. मोहिनीला डाव्या कानानं ऐकू येत नाही. वकिलानं तिला समजावलं होतं की कोर्टात नवल एकटाच पेटला होता असं सांग. तिनं ऐकलं नाही. निंबाचं नाव मीच घेतलं, असं तिनं जबानीत लिहून दिलं.