फणसाच्या पेटीतल्या ट्यूबा

लवूच्या घरात त्रेचाळीस ट्यूबा होत्या आणि सगळ्या घराला उजेड होता तो एका चाळीसच्या बल्बचा. पावस गावच्या वाडीत लोक यावरून त्याची टिंगल करत, आणि तो ती मुकाट ऐकून घेई. परदेशी जाणाऱ्या बोटींवर त्यानं अठ्ठावीस वर्षं वायरमनचं काम केलेलं. दुसरे खलाशी सुट्टीवर येताना रेडिओ, साड्या, अत्तराच्या बाटल्या आणत. हा गडी मात्र लुंगीत गुंडाळलेली काचेची ट्यूब तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून एस.टी.तून उतरायचा.

त्या ट्यूबांसाठी त्यानं फणसाच्या लाकडाची लांबलचक पेटी मुद्दाम करून घेतली होती. आत मालनच्या, म्हणजे बायकोच्या, जुन्या लुगड्यांचे थर आणि थराथरात ट्यूबा. प्रत्येकीला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: बोट कुठली, बंदर कुठलं, साल कुठलं. लढाईच्या काळातली एक, मनगटाएवढी जाड. एक पितळी टोप्यांची. आणि सगळ्यांत खाली ती गुलाबी. भंगारात निघालेल्या एका प्रवासी बोटीच्या जेवणघरातून त्यानं ती स्वतःच्या हातानं उतरवली होती. तसला उजेड देणारी ट्यूब त्यानंतर कुठल्याच बंदरात त्याच्या दृष्टीस पडली नाही.

पेटवायची मात्र एकही नाही. ट्यूब दर वेळी पेटताना तिच्या टोकांतला मसाला थोडा थोडा जळतो आणि एक दिवस ती संपते, हे तो येईल त्याला ऐकवायचा. मालन दर गणपतीला म्हणायची, यंदा मखराला ती गुलाबी लावा. तो म्हणायचा, पुढच्या वर्षी. बोट सोडून कायमचा घरी आल्यालाही पाच वर्षं झाली, तरी ते पुढचं वर्ष काही उजाडलं नाही. मूलबाळ नसलेल्या त्या बाईनं नवऱ्याजवळ एवढा एकच हट्ट धरला होता. माणूस वाईट नव्हता, पण जपून ठेवण्याचं त्याला वेड होतं.

ब्याऐंशीच्या दिवाळीनंतर मालन एकदा म्हणाली, की संध्याकाळी बल्बभोवती तिला रंगीत कडं दिसतं आणि कपाळ ठणकतं. दुसऱ्या कुणी नवऱ्यानं तिला डॉक्टरकडे नेलं असतं. पण लवू पडला दिव्यांतला जाणकार. त्याची कळीच खुलली. समुद्राची दमट हवा, काचेवर बसलेला खार, उतरलेलं व्होल्टेज, असं सगळं त्यानं तिला समजावून दिलं. बल्ब घासूनपुसून लख्ख केला. मग नवा लावला. मग होल्डर बदलला. तरीही कडं राहिलंच, तेव्हा हल्लीचा मालच हलका, असा त्यानं निकाल दिला. मालनला तो पटला. दिव्यातलं त्याच्यापेक्षा जास्त कुणाला कळणार? दीड वर्ष ती कपाळाला सुंठ उगाळून लावत राहिली.

चौऱ्याऐंशीच्या शिमग्याला मालनची बहीण कमळा खेडहून आली. तिनं पुढे केलेला चहाचा कप घ्यायला मालननं वीतभर बाजूला, हवेतच हात नेला. कमळा काय समजायचं ते समजली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती दोघांना रत्नागिरीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली.

काचबिंदू निघाला. डावा डोळा गेलेला होता, आणि उजव्यात भोकातून बघावं एवढीच नजर उरली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली औषधानं किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती का, आणि दिसत होती तर कुणाला सांगितलं कसं नाही?

लवू भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता बघू लागला.

"दिसत व्हती," मालन म्हणाली. "पन मी कुनाला बोलले नाय."

डॉक्टर तिच्यावर थोडे चिडले. तिनं ते मान खाली घालून ऐकून घेतलं. लवूला जन्मात इतकी लाज कधी वाटली नव्हती, तरीही खरं काय ते बोलायचं त्याला धैर्य झालं नाही.

कमळा स्टँडवरूनच खेडच्या गाडीत बसली. दोघं घरी पोचली तेव्हा दिवेलागण झाली होती. लवूनं पायही धुतले नाहीत. त्यानं पेटी उघडली, सगळे थर बाजूला काढले, तळाची गुलाबी ट्यूब बाहेर घेतली आणि चोक, स्टार्टर जोडून भिंतीवर छातीएवढ्या उंचीला पट्टी ठोकली. मालननं आवाजावरून विचारलं, काय करताव? तो म्हणाला, गुलाबी लावतंय. गणपतीला अजून लय दिवस हायेत, असं ती म्हणाली.

त्यानं बटण दाबलं. टोकं लालसर झाली, ट्यूब थरथरली आणि विझली. पुन्हा तेच. वाडीतले सगळे दिवे लागायची ती वेळ, व्होल्टेज पार उतरलेलं. एरवी त्यानं झटकन बंद केली असती. आज तो नुसता उभा राहिला आणि प्रत्येक फडफडीला त्याचा जीव खालीवर होत राहिला. ही पेटल्याशिवायच जळून गेली, तर मालनला दाखवायला त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं.

मालन भिंत चाचपत आली. तिचा हात ट्यूबला लागला. ही व्हय ती, केवढी लांब हाय, असं पुटपुटत तिनं तळवा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, आणि त्या तळव्याखालीच ट्यूब पेटली. अडलेली ट्यूब माणसाचा हात लागला की कधीकधी पेटते, हे लवूला ठाऊक होतं. पण आपल्या ट्यूबांना त्यानं कुणाला हात लावू दिलाच नव्हता.

पिकलेल्या जांबासारखा गुलाबी उजेड सगळ्या ओटीभर पसरला. कोपऱ्यातली घागरसुद्धा लख्ख दिसू लागली.

"बघून घे गो," लवू म्हणाला. "जास्त टिकायची नाय."

मालननं ट्यूबकडे पाठ केली. "हिकडं या. उजेडात या."

तो समोर आला. तिनं त्याची हनुवटी धरली आणि मान थोडी तिरकी करून ती बघू लागली. उरलेल्या तेवढ्या नजरेत अख्खा चेहरा मावत नव्हता, म्हणून ती तुकड्या तुकड्यानं बघत होती. आधी हनुवटी, मग ओठ.

"ट्यूब बघ. तुज्यासाठी लावली."

"बघीन मागनं. मिशी पांढरी झाली तुमची. त्या बल्बात मना कधी दिसलाच नाय."

लवूला राहवेना. "डॉक्टरला खोटं कशाला बोललीस?"

"तुमाला त्यानं बोल लावला असता, ता मना बघवला नसता," ती म्हणाली. "पन तुमी गप ऱ्हायलाव, त्याचा वायट वाटला. आता हलू नका."

तो हलला नाही. मालन अजून मिशीवरच होती. वर डोळ्यांपर्यंत यायला तिला वेळ लागणार होता, आणि तोवर आपले डोळे कोरडे व्हावेत म्हणून लवू एकटाच धडपडत होता.