गजगामिनीचं स्टिअरिंग

आमच्या गाडीचं नाव गजगामिनी. नाव ह्यांनी ठेवलेलं. दोन बाकं, ओटा, सिंक, पडदे असं अख्खं घर पोटात घेऊन ती रस्त्याला लागली की डुलायची. "घरात एक, दारात एक, दोन दोन गजगामिनी सांभाळतो मी," असं हे चारचौघांत सांगायचे आणि मी डोळे वटारायचे.

हे गेले आणि गाडी दारातच उभी राहिली. परगावच्या मुलाचं फोनवर एकच टुमणं. "आई, विकून टाक. गाडी माझ्याहून म्हातारी आहे. स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी चाकांना पत्ता नसतो. आणि तू एकटी जाणार कुठे?"

रविवारी तो गिऱ्हाईक घेऊन येणार होता. मी विचारलं, "तोवर स्टिअरिंग नीट झालं तर?"

तो हसला. "झालं तर ठेव."

हसला म्हणून मी पेटले. पण नुसता हट्ट नव्हता तो. घरातल्या प्रत्येक खोलीत मी एकटी असते. गाडीत बसले की मात्र हे जरा खाली उतरलेत, येतीलच एवढ्यात, असं वाटतं. तेवढं मला विकायचं नव्हतं.

स्टिअरिंगच्या डब्यावरचा स्क्रू आवळताना मी ह्यांना पाहिलं होतं. बॉनेट उघडलं की तो हाताशी येतो, दुसरं माणूस लागत नाही. मग काय, दातओठ खाऊन तोच आवळला. ढिलाई गेली! मी खूश होऊन गाडी बाहेर काढली. गल्लीच्या कोपऱ्यावर स्टिअरिंग वळलं ते वळलंच, सरळ व्हायचं नाव घेईना. शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्याचा निकाल लागला.

गॅरेजवाल्याला फोन केला. "काकू, तो स्क्रू आधी होता तिथे न्या," तो म्हणाला. "वरून आवळून काय होतंय? खालचा एखादा जॉइंट झिजला असणार. एकानं वर बसून स्टिअरिंग हलवायचं, दुसऱ्यानं खाली झोपून बघायचं, लगेच सापडतं. मला सोमवारशिवाय सवड नाही. घरात आहे ना कोणी?"

"बघते," म्हणून मी फोन ठेवला आणि स्क्रू होता तिथे नेला.

हे काम मला पाठ होतं, पण फक्त वरचं. हे पान्हा घेऊन गाडीखाली शिरायचे आणि मी स्टिअरिंग धरून बसायची. खालून ओरडलेलं मला धड कळायचं नाही, मग भांडणं व्हायची. म्हणून ह्यांनी पान्ह्याच्या ठोक्यांची भाषा काढली. एक ठोका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, तीन म्हणजे झालं, उतर आणि चहा टाक. मला कुठला दम निघायला? मी सारखी विचारायची, "झालं का हो?" खाली हे नेमकं काय बघतात, ते मात्र मी कधी विचारलं नाही.

शेजाऱ्यांच्या दारापर्यंत गेले. आत टीव्ही चालू होता, सगळी मिळून हसत होती. बेलवर बोट ठेवलं आणि तशीच परत फिरले.

शेवटी मोबाइलचा व्हिडिओ सुरू केला, तो गाडीखाली विटेला टेकवून ठेवला आणि वर जाऊन स्टिअरिंग हलवलं. खाली येऊन पाहिलं. उजव्या चाकाजवळचा जॉइंट खोबणीत चक्क नाचत होता. स्टिअरिंगकडून येणारा दांडा सरकायचा आणि चाक ढिम्म. सापडला लबाड!

नवा जॉइंट आणला. जुन्याच्या गंजलेल्या नटानं माझा घाम काढला. रात्रभर तेल पाजलं तेव्हा सकाळी हलला. जुना जितके आटे फिरवून निघाला, तितकेच फिरवून नवा बसवला. नट आवळला, त्यातून पिन घातली. पुन्हा व्हिडिओ लावला, पुन्हा वर जाऊन स्टिअरिंग हलवलं आणि पुन्हा खाली शिरून, पाठीवर झोपून व्हिडिओ पाहू लागले.

आता स्टिअरिंग हललं की दांडा हलत होता आणि लगेच चाकही. कुठे ढिलाई नव्हती. गजगामिनी राहिली! मुलाला काय काय ऐकवायचं, ते मी मनात जुळवायला लागले.

तेवढ्यात मोबाइलमधून लांबून, वरून, माझाच आवाज आला. "झालं का हो?"

मी असं कधी म्हणाले होते, मला आठवेना. व्हिडिओत चाक एकदा डावीकडे गेलं, एकदा उजवीकडे. मग पुन्हा, जरा वैतागून, "अहो, झालं का?"

मी जिंकले होते, आणि मला रडू आवरेना. किती वेळ विचारत होती वरची बिचारी! मी पान्हा उचलला आणि गाडीच्या पोटावर तीन ठोके दिले.

वरून कोणी उतरलं नाही. मग मीच बाहेर सरकले, आणि चहा टाकायला गेले.