कंपनाथांच्या शक्तीचे वॅट

“आली! मैया आ गई!”

परातीत उभा असलेला ट्रकचालक किंचाळला आणि शेडमधल्या सगळ्या गर्दीनं एकदम हात जोडले.

उरला औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या एका कारखान्याच्या शेडमध्ये दर रविवारी हेच चालायचं. मधोमध मिठाच्या पाण्यानं भरलेली तांब्याची परात, शेजारी जमिनीत रोवलेला तांब्याचा त्रिशूळ. भक्तानं अनवाणी परातीत उभं राहून त्रिशूळ मुठीत धरायचा. समोर गादीवर बसलेले कंपनाथ महाराज डोळे मिटून “जागो!” म्हणायचे, की अंगात झिणझिण्या यायच्या. ज्याला आल्या त्याचा रोग गेला! ज्याला आल्या नाहीत त्याला महाराज प्रेमानं सांगायचे, “मन में मैल है, बेटा. अगले इतवार आना.”

रांगेत इरावती आपल्या आईला धरून उभी होती. ती शाळेत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायची. आईला, कलावतीबाईंना, जुना मधुमेह होता आणि दोन्ही तळपाय पार बधिर झाले होते. धाकटा भाऊ सुशील त्यांना इथं घेऊन आला, त्यांना झिणझिण्या आल्या, आणि त्या आनंदानं रडल्या. त्या दिवसापासून इन्सुलिन बंद. ‘सुई और शक्ति एक देह में नहीं रहतीं,’ असं महाराजांनीच बजावलं होतं. आता डाव्या पायाचा अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी आजच भरती व्हायला सांगितलं होतं. आई म्हणाली, आधी महाराज.

“आई, अजून सांगून राहिली, दवाखान्यात चल.”

“पायात जीव आला माह्या, इरा. तुह्या डॉक्टरनं आणला का कधी?”

सकाळीच इरावतीनं आईला डोळे मिटायला लावून तळपायावर बोट दाबून पाहिलं होतं. आईला काही कळलं नव्हतं. मग झिणझिण्या येतात तरी कुठं? “हातात, अन् पोटरीत,” आई म्हणाली होती. पाण्याच्या काठाशी, जिथं नसा अजून शाबूत होत्या तिथं. तेव्हाच हे विजेचं काम असावं असा संशय येऊन इरावतीनं शाळेचं वीज मोजायचं मीटर पर्समध्ये टाकलं होतं. परातीत विजेचा दाब किती हे मात्र तिला माहीत नव्हतं.

“दीदी, तमाशा नको करू,” सुशील कुजबुजला. “लोक मारतील आपल्याले.”

आई परातीत उतरली. त्रिशूळ धरला.

“जागो!”

कलावतीबाईंचा हात थरथरला. त्याच क्षणी इरावतीनं पुढं होऊन मीटरच्या लाल वायरचं टोक परातीच्या काठाला लावलं, काळीचं त्रिशूळाला. बारा व्होल्ट. तिनं श्वास सोडला. इतक्यानं आई मरणार नव्हती.

“आई, त्रिशूळ सोड. ही लाल वायर धर.” मीटरची कळ करंटवर फिरवून काळी वायर तिनं त्रिशूळाला अडकवली. आता वीज आईच्या अंगातून आणि मीटरमधून जात होती. काट्याचं नव्हतं ते मीटर, आकडा झळकला: तीन मिलिअँपिअर.

“ए! क्या है ये?” महाराजांचे डोळे खाडकन उघडले. त्यांचा उजवा गुडघा जरासा उचलला गेला, आणि मीटरवर शून्य आलं.

“देखा!” महाराज गरजले. “मशीन लगाके मैया का अपमान किया! मैया चली गई!”

गर्दी खवळली. कुणीतरी इरावतीचा दंड धरला. “बाहर निकालो इसको!”

“निकालो,” इरावती म्हणाली. “पर पहले गद्दी उठाओ. मैया रूठी है तो गद्दी उठाने से क्या बिगड़ेगा?”

कुणी हललं नाही. सगळे सुशीलकडे बघत होते, कारण गादीच्या सगळ्यात जवळ तोच होता. महाराज म्हणाले, “बेटा, तेरी माँ को मैंने चलाया है.”

सुशीलनं आईच्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. मग त्यानं गादीचं टोक धरून जोरात ओढलं. महाराज कलंडले. त्यांचा उजवा गुडघा होता तिथंच खाली, दारावरच्या घंटीचं असतं तसं एक बटण होतं आणि त्यातून निघालेली वायर पोत्यांच्या मागं जात होती.

सुशीलनं अंगठ्यानं बटण दाबलं. मीटरवर पुन्हा तीन आले.

आई परातीत उभीच होती, लाल वायर अजून मुठीत. “आली,” ती हळूच म्हणाली. मग मुलाकडे बघून, “सुशील, तूच आणून राहिला का रे देवी?”



पोत्यांमागं छोटा ट्रान्सफॉर्मर निघाला. इरावतीनं कोळशाच्या तुकड्यानं फरशीवर लिहिलं आणि हिंदीत सगळ्यांना समजावलं. बारा व्होल्ट भागिले तीन मिलिअँपिअर, म्हणजे आईच्या अंगाचा रोध चार हजार ओहम. बारा गुणिले तीन मिलिअँपिअर, म्हणजे महाराजांची एकूण शक्ती छत्तीस मिलिवॅट. पंधरा वॅटचा झिरोचा बल्ब लावायचा तर असे चारशे भक्त लागतील!

कुणीतरी हसलं. इरावती हसली नाही. ट्रान्सफॉर्मरच्या वितळलेल्या आवरणाकडे तिनं बोट दाखवलं. “हे आतून जळलं असतं तर परातीत घरातला करंट आला असता, दोनशे तीस व्होल्ट. दाब वाढला की भिजल्या अंगाचा रोध हजारावर उतरतो. पाव अँपिअरच्या आसपास करंट. एवढ्यात हृदय बंद पडतं.”

परातीभोवतीची माणसं पाय ओढत मागं सरकली. मागच्या दारानं निसटणाऱ्या महाराजांना त्याच ट्रकचालकानं धरून ठेवलं, पोलीस येईपर्यंत.

त्या दुपारी कलावतीबाई भरती झाल्या. अंगठा गेला. पाऊल वाचलं. उशीर झाला होता, आणि त्याचं दुःख सुशीलच्या चेहऱ्यावरून बरेच दिवस हललं नाही.

वॉर्डात शेजारच्या बाईनं एकदा विचारलं, “सच्ची में कुछ लगता था क्या, माताजी?”

“लगता था ना,” कलावतीबाई म्हणाल्या. “झूठ थोडी था. पर काहून लगता था, ते मी विचारलंच नाही.”

अंगात झिणझिण्या आल्या, अंगारा गरम लागला, मूर्ती हलली, तर अनुभव खोटा आहे असं कुणी म्हणत नाही. फक्त तो कशामुळं आला ते तपासा, मोजा, दुसऱ्यालाही मोजू द्या. मोजू न देणारा माणूस दिसला, तर त्याची गादी उचलून पाहा. आणि तोवर औषध सोडू नका.