नावाला बिलगलेली उत्तरं

द्राक्षपेट्यांत गंधकाचे कागद घालून घालून पिंपळगावच्या बायांना खोकला लागला, त्याचा सर्व्हे चालला होता. यशश्रीनं त्याचा डेटाबेस रचला: बायांचा तक्ता, प्रश्नांचा, उत्तरांचा. प्रत्येक उत्तर बाईच्या नावाला बिलगलेलं, जसं लेकरू पदराला.

त्या बायांतली लंकाबाई वारली. सर्व्हेवाल्या सोमनाथनं, रेशनकार्डावरून काढतात तसं, बायांच्या तक्त्यातून तिचं नाव काढलं.

दहाव्यानंतर तिची लेक सृष्टी नाशिकच्या ऑफिसात आली. "ताई, कामगार कचेरीत भरपाई मागितली, तर द्राक्षांचा मालक म्हणतो आईला खोकलाच नव्हता. तिनं तुमाला सांगितलेलं तेवढं छापून द्या."

यशश्रीनं शोधलं. नाव गेलं की उत्तरंही पुसली जावीत, ही सोय तिनंच केली होती.

"प्रश्न आहेत गं. आईचं बोलणं नाही उरलं."

"मग कचेरीत काय सांगू? आई गप बसली व्हती म्हणून?"