करिष्माच्या डब्यातली हायब्रिड ड्राइव्ह

मित्रांनो, उसाच्या फडाजवळ वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांनी, शाकारलेली एक खोप आहे. त्या खोपीत स्टीलच्या डब्यात, ब्लाउजपिसात गुंडाळलेली मी एक जुनी हायब्रिड ड्राइव्ह, संगणकाचं साठवणीचं यंत्र, आहे. हायब्रिड ज्वारी तुम्हांला ठाऊक असते, तसंच माझं. दोन जाती एकत्र आणून मला घडवलं.

माझ्या थोरल्या बहिणीला हार्ड डिस्क म्हणतात. तिच्या पोटात चकचकीत तबकडी गरगर फिरते आणि तिच्यावर, केसाच्या जाडीहूनही कमी अंतरावर, एक सुई तरंगते. थोरली हळू चालते, कुरकुरते, पण थोड्या पैशांत पुष्कळ सामावून घेते. जाण्याआधी बऱ्याच वेळा खडखड करून सांगतेही. धाकटी ती एसएसडी. तिच्यात फिरणारं काहीच नाही, नुसत्या चिपा. मागितलं की क्षणात देते, धक्क्याला सहसा भीत नाही. मात्र महाग, आणि जाते तेव्हा अनेकदा चकार शब्द न बोलता जाते.

मी या दोघींच्या मधली. माझ्यात थोरलीची तबकडी आहे आणि धाकटीची एक छोटीशी चिप. सगळा साठा तबकडीवर राहतो. लोक जे पुन्हा पुन्हा मागतात, तेवढ्याचीच एक प्रत मी चिपेत ठेवते. जपमाळेतला मणी बोटाखाली येऊन येऊन गुळगुळीत व्हावा, तसं ते मला पाठ होतं.

बीड जिल्ह्यातल्या दिंद्रुडला धर्मराजकाकांच्या फोटो स्टुडिओत मी कामाला लागले. लग्नं, बारशी, शाळेचे फोटो, सगळं माझ्या पोटात. काका गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, "ही हायब्रिड हाय. दोन्हीकडं राहतंय. एक गेलं तर दुसरं हाय की!" याच भरवशावर त्यांनी जुन्या हार्ड डिस्कवरच्या प्रती पुसल्या आणि ती भंगारात दिली. तसं नसतं हो, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. पण मला वाचा कुठली?

शाळा सुटली की करिष्मा दप्तरासकट स्टुडिओत यायची.

"काका, आई लावा की."

"कालच पाहिली ना गं?"

"काल हसताना पाहिली. आज हाक मारताना पाहायची."

काका हसून लावायचे. एका लग्नातल्या हळदीचा व्हिडिओ होता तो. पिवळ्या हातांची सत्यशीला, करिष्माची आई, कॅमेऱ्याकडं पाहून म्हणायची, "करे, तोंड का लपवतीस? इकडं ये!" एवढंच. गेल्या ऊसतोडीच्या हंगामात डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना सत्यशीला पडली, ती उठलीच नाही. कमरेचा मोबाइलही तिच्याबरोबर चेचला गेला. आता तिचा आवाज उरला होता तो माझ्यापाशी. करिष्मा रोज मागायची, म्हणून तो माझ्या चिपेतही जाऊन बसला.

दसरा जवळ आला. दसरा झाला की टोळी ऊसतोडीला निघणार होती. यंदा सत्यशीलेच्या जागी आजी, जानकीबाई, कोयता धरणार होती आणि खोप सांभाळायला करिष्माची शाळा सुटणार होती. खंडेनवमीला जानकीबाई मेमरी कार्ड घेऊन स्टुडिओत आल्या.

"धर्मा, हिच्या आईचं तेवढं ह्यात घालून दे बाबा."

"आता मशिनी पूजेला बसल्या, मावशी. पूजा होईस्तोवर त्यांना काम सांगत न्हाईत. नारळ फुटला की पहिलं काम तुमचंच."

दरवर्षी खंडेनवमीच्या पूजेला लाईट गेलेली आणि माझी तबकडी थांबलेली असायची, म्हणून नारळाच्या हादऱ्यातून मी वाचत आले होते. यंदा काकांनी इन्व्हर्टर घेतला होता. पडद्यावर अंबाजोगाईची योगेश्वरी झळकत होती. मी होते त्या संगणकाच्या डब्याला कुंकवाचं स्वस्तिक होतं, झेंडूचा हार होता. नारळ फोडायला काकांनी माझ्याच टेबलावर दगड ठेवला.

"आरं, बंद तरी कर!" जानकीबाई म्हणाल्या.

"बंद मशीनची काय पूजा, मावशी? आई जागी पायजे की!"

पहिल्या घावाला नारळ फुटला नाही. काकांनी जोर लावला. टेबल हादरलं, माझी सुई फिरत्या तबकडीवर आदळली आणि तिला ओरखडत गेली. नारळ फुटला. त्याचं पाणी माझ्या डब्यावर उडालं. पडद्यावरची देवी थिजली, आणि आतून आवाज येऊ लागला, खट, खट.

काका मला बीडला घेऊन गेले. दुरुस्तीवाल्यानं कानाशी धरलं. "तबकडी खरवडली. दुसरीकडं कॉपी हाय का?" काकांनी मला पुन्हा पिशवीत घातलं.

निघायच्या दिवशी ट्रॅक्टर रस्त्यावर थांबला होता. करिष्मानं विचारलं, "हिच्यात आई हाय ना अजून?"

"हाय गं बाई. पण निघत न्हाई."

"मग हीच द्या."

काकांनी मला तिच्या ओंजळीत ठेवलं.

मित्रांनो, पूजेबद्दल माझ्या मनात राग नाही. त्या माउलीचं दर्शन मला अखेरपर्यंत घडलं. पण फिरणारं यंत्र आधी थांबवा, मग हात जोडा. देव बंद यंत्रातही असतो. आणि तुमच्याजवळ मोलाचं काही असेल, तर त्याची दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी आजच ठेवा, यंत्र थोरलं असो, धाकटं असो की माझ्यासारखं.

माझ्या चिपेत ती हाक अजून आहे. पण माझी तबकडी मेली, आणि तिच्यावाचून माझं दार उघडत नाही. विजेवाचून पडून राहिले, तर हळूहळू मलाही त्या हाकेचा विसर पडेल.

संध्याकाळी आजी फडातून येईपर्यंत करिष्मा चूल पेटवते. मग डबा उघडते, मला कानाशी धरते आणि म्हणते, "आये, मी तोंड न्हाई लपवलं. बोल की."

हाक माझ्या आत असते. मी गप्प असते.