टाकीतली थंडी

ओमानमधल्या दुक्मच्या बंदरापलीकडे जहाजं दुरुस्त करणारं एक छोटं यार्ड आहे. तिथे तौहीदचं काम ऐकायला एवढंसं. जहाजाच्या पोटातल्या टाकीत माणूस उतरला की वर मॅनहोलपाशी बसायचं आणि दर पाच मिनिटांनी त्याला हाक मारायची. आतून ओ आली तर ठीक, नाहीतर शिट्टी फुंकायची. होल वॉच म्हणतात त्याला. बसून खायचं काम, असं श्रीवर्धनहून मुनिबा, त्याची बायको, फोनवर चिडवायची. पण आतल्या माणसाचा जीव त्या हाकेवर असतो, हे तौहीदला पक्कं ठाऊक होतं.

आणि तरी त्या शहाण्याने काय करून ठेवावं!

टाक्यांच्या पत्र्याची जाडी तपासायला हॉलंडहून योस्टसाहेब आले होते. साठीचे, लालबुंद आणि भारी बोलघेवडे. तौहीदला त्यांनी शब्द दिला होता, रॉटरडॅमला आमच्या यार्डात तुला लावतो, पण डच यायला हवं. आमच्याकडे दोन माणसं भेटली की आधी थंडीचं बोलतात, ते जमलं की निम्मं काम झालं. मग काय, हाकेचीच शिकवणी झाली. तौहीद वरून ओरडे, "इस हेट कौट?" म्हणजे थंडी आहे का? खालून उत्तर येई, "हेट फ्रीस्ट!" सगळं गोठलंय! धुकं, बर्फ, गोठलेले कालवे, रोज एक नवं वाक्य. टाकीत अंग भाजून निघतंय आणि गप्पा हिवाळ्याच्या! सगळं यार्ड हसायचं. सेफ्टीवाला सकलैन, म्हसळ्याचा, तेवढा कुरकुरला. "अरे बाबा, सरळ ओके म्हणा ना. मला काय कळतंय तुमचं?" तौहीदने ते हसण्यावारी नेलं. डोक्यात रॉटरडॅम शिरलं होतं ना!

मे महिना होता. उन्हापायी दुपारची सक्तीची सुट्टी जूनपासून लागते, त्यामुळे दोन वाजताही काम चालूच. साहेब टाकीत उतरून बराच वेळ झाला होता. हवा फेकणारा पंखा घरघरत होता.

"इस हेट कौट?"

"इक हेप हेट कौट," खालून आलं. मला थंडी वाजतेय.

नवं वाक्य! तौहीदने ते दोनदा घोकलं. पाच मिनिटांनी पुन्हा तेच उत्तर आलं, आणि या वेळी आवाजात कापरं भरलं होतं. काय नक्कल करतो म्हातारा, तौहीदला वाटलं, नाटकात जायला हवा होता. त्याने हौसेने पाठ केलेलं वाक्य खाली सोडलं, मग कोट घाला की!

खालून हसू आलं नाही. त्याऐवजी साहेब सलग बोलायला लागले. लांबलचक, एकसुरी. त्यातलं 'आई' आणि 'बर्फ' एवढंच तौहीदला उमगलं. आज वरच्या यत्तेचा धडा दिसतोय, म्हणून गडी खूश! अरे मूर्खा, एकदा टॉर्च तरी मारायचास. पण नाही. तो हाक मारत राहिला, खालून उत्तर येत राहिलं, दर वेळी थोडं हळू, थोडं तुटक.

पावणेतीनला त्याला कसंसंच वाटलं. त्याने वाकून टॉर्च मारला. साहेब पत्र्यावर बसले होते, दोन्ही हातांनी स्वतःला कवटाळून, कुडकुडत. चेहरा कोरडा ठणठणीत. त्या भट्टीत घामाचा एक थेंब नव्हता.

तौहीदने शिट्टी फुंकली आणि माणसं धावत येईपर्यंत फुंकतच राहिला.

साहेबांना वर काढून गाडीत घातलं तेव्हा ते कोणालाच ओळखत नव्हते. दवाखान्याच्या वाटेवर तौहीदने सारं सांगितलं, तेव्हा सकलैन खालच्या आवाजात म्हणाला, "पाचच मिनिटं बरळले म्हणून सांग. इथं डच येतंय कोणाला? खरं बोललास तर नोकरी जाईल, तुरुंगपण होईल." तौहीदने मान हलवली. त्याला घरच दिसत होतं डोळ्यांपुढे.

दवाखान्यात साहेबांच्या अंगाखाली, काखेत, मानेशी बर्फ रचला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "उष्माघात आहे. कुडकुडायला, बरळायला लागून किती वेळ झाला? नीट आठवून सांगा. आत्ताच झालं असेल तर इथे सांभाळू. वेळ गेला असेल तर मेंदूला, किडनीला धोका आहे, मस्कतहून हेलिकॉप्टर मागवावं लागेल."

"पाच मिनिटं," तौहीद म्हणाला.

बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि त्या वळल्या. तौहीद दोन पावलं त्यांच्या मागे गेला.

"डॉक्टर! पाऊण तास. पाऊण तास झाला."

सकलैनने डोळे मिटून घेतले. बाईंनी तिथूनच फोन लावायला ओरडून सांगितलं आणि मागे फिरून त्याच्याकडे पाहिलं.

"पाऊण तास? आणि तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच," तौहीद म्हणाला. "त्यांच्याशी गप्पा मारत होतो."