मेहमुदाचा मध

"तंबाखू, सिगारेट, गुटखा असं काही?" डॉ. मगदूमनी विचारलं, आणि सुष्मिताच्या आधी तिची आईच हसली.

"आता काय म्हणावं! आमच्यात बायका तंबाखू खात्यात व्हय, डॉक्टरीणबाई?"

गौराबाई हे अगदी मनापासून बोलली. हसताना तिच्या दातांच्या कडा दिसल्या, हिरड्यांपाशी काळ्या पडलेल्या. तव्यावर काळीकुट्ट होईस्तोवर भाजलेली तंबाखूची पूड, म्हणजे मशेरी, ती रोज सकाळ-संध्याकाळ हिरड्यांना चोळायची. पण ते दात घासणं होतं. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत कुठल्याही बाईला विचारलं असतं, तरी तिनं हेच सांगितलं असतं. तंबाखू पुरुष खातात, पानपट्टीपाशी उभे राहून. मशेरी बायका लावतात, मोरीपाशी बसून.

सुष्मिता सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर होती आणि एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. तंबाखू भाजली म्हणून तिच्यातलं निकोटिन जात नाही, हे तिला माहीत होतं. शाळेत असताना एकदा दाढ ठणकली, तेव्हा आईनंच तिच्या बोटावर चिमूटभर मशेरी ठेवली होती. ठणका गेला, मशेरी राहिली. आता ती मशेरीनंतर ब्रशनं दात इतके घासायची की डाग म्हणून दिसत नसे. डॉक्टर तिच्याच वयाची होती. स्वच्छ, पांढऱ्या दातांची.

"नाही," सुष्मिता म्हणाली.

अक्कलदाढ आडवी उगवली होती. ती काढायला बराच वेळ लागला. उठताना सुष्मितानं तोंडातला बोळा सांभाळत विचारलं, "जखमेला मध लावला तर चालेल? जंतूंची वाढ थांबते असं वाचलंय मी."

डॉक्टरना प्रश्न आवडला. "मीही वाचलंय. उद्यापासून लाव. पण बोटानं नाही, स्वच्छ कापसानं. आणि मध खरा पाहिजे."

"खराच हाय की," गौराबाई म्हणाली. "आमच्या मेहमुदाचा. मलकापूरकडच्या रानातला."

"बरं वाटलं तर मला सांगा. बाकीच्या पेशंटनाही सांगता येईल."

मेहमुदा त्यांच्या समोरच्या घरात राहायची. तिचा भाऊ ख्वाजा मलकापूरला होता. रानातून मध काढून आणणाऱ्यांकडून तो मध घ्यायचा, गाळायचा आणि एसटीनं बहिणीकडे पाठवायचा. अर्धी गल्ली तोच मध घेई. गौराबाईच्या सोमवारच्या शिवपूजेलाही तोच असे. डॉक्टर काय म्हणाल्या ते गौराबाईनं सांगितलं, तेव्हा मेहमुदानं जाऊन मध पुन्हा एकदा गाळून द्यायला नवं मलमलीचं फडकं आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुष्मिताला मशेरीची आठवण झाली. आठवण म्हणणं सौम्य होतं. एका जागी बसवत नव्हतं, आणि कुणी काही बोललं तरी राग येत होता. जखम डावीकडे होती. तिनं चिमूटभर मशेरी उजवीकडे लावली. लाळ डावं-उजवं बघत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं, तरी उजवीकडे लावली. मग चूळ भरली, हात साबणानं धुतले आणि उकळून वाळवलेल्या कापसानं डावीकडे मध लावला, अतिशय काळजीपूर्वक. संध्याकाळी पुन्हा तसंच.

मग ठणका कानापर्यंत चढला आणि तोंडाला वास यायला लागला. सुष्मिता लॅबमध्ये रुमालाआडून बोलायला लागली.

"रक्ताची गाठ टिकलेलीच नाही," डॉ. मगदूम बॅटरीच्या उजेडात बघून म्हणाल्या. "खड्डा कोरडा पडलाय, हाड उघडं आहे. तंबाखूवाल्यांचं असं होतं. तुझं तर ते नाही. मग राहिला मध. बंद कर तो. भेसळीचा असणार."

बोलता बोलताच त्यांनी सुष्मिताच्या तोंडात औषधाचा बोळा बसवला. बोलता येत नव्हतं. पण बोळा असूनही तिथं बोलता आलं असतं, हे घरी जाताना रिक्षात तिच्या ध्यानात आलं.

बोलली ती दवाखान्यात बरोबर गेलेली गौराबाई. सकाळी नळावर घागर लावता लावता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. "काकवी घालत्यात मधात, काकवी! डॉक्टरीण बोलली. पोरीचं तोंड सडवलं माझ्या. आनी देवाच्या डोक्यावर बी तेच वतलं मी, शिवशिव!"

गुऱ्हाळाच्या मुलखात मधात उसाच्या रसाची, मधासारखीच दिसणारी काकवी मिसळली म्हटलं की कुणालाही पटतं. संध्याकाळपर्यंत मेहमुदाच्या पायरीवर बाटल्या येऊन पडल्या. कुणी अर्धी, कुणी नुसती उघडलेली. मेहमुदा दारात आली नाही.

ती आली दुसऱ्या दिवशी, थेट सुष्मिताकडे. पदराखाली बाटली होती.

"तुझ्या त्या लॅबात रगत तपासत्यात, लघवी तपासत्यात. ह्यो मध तपास की."

"मावशी, तसं लगेच..."

"लगेच नको. तुझ्या सवडीनं कर. पर तूच कर. खोटा निघाला तर मी ख्वाजाला ह्या घरात पाय ठिवू देणार न्हाय. सख्खा भाऊ हाय, तरी बी. खरा निघाला तर तसं सांग. म्या काय जास्ती मागतीया?"

सुष्मितानं बाटली घेतली. नकार द्यायला कारण नव्हतं.

लॅबमध्ये तिनं सगळं व्यवस्थित केलं. काचेच्या बशीत जंतू वाढवले. त्यांच्या थराला लहान लहान भोकं पाडली. एकात मेहमुदाचा मध, दुसऱ्यात बाजारातली काकवी, दोन्ही सारख्याच पाण्यात पातळ केलेली. बशी उबेत ठेवली. दुसऱ्या दिवशी काकवीच्या भोकाच्या काठापर्यंत जंतू दाटून आले होते. मधाभोवती स्वच्छ, रिकामं वर्तुळ होतं. तिनं पट्टी लावून ते मोजलं, मग पुन्हा मोजलं. एखादा नमुना इतका चांगला आला की एरवी तिला आनंद व्हायचा. या वेळी बशी झाकून ती लॅबच्या बेसिनपाशी जाऊन उभी राहिली. संशयित दोनच होते, मध आणि मशेरी. त्यातला मध तिनंच आता निर्दोष सोडवला होता.

"खरा आहे," तिनं मेहमुदाला सांगितलं.

मेहमुदानं डोळे मिटून घेतले. मग उघडले. "मग तुझं तोंड का सडलं?"

सुष्मितानं उरलेल्या मधाची बाटली तिच्यापुढे ठेवली.

"चल," मेहमुदा म्हणाली. "डॉक्टरीणीला सांगू. तिचंच नाव घिऊन बोंबललीया तुझी आई."

तिघी गेल्या. गौराबाई वाटभर पुटपुटत होती, "खरा आसंल तर आसू दे की. म्या कुठं न्हाय म्हनतीया?" दवाखान्यात बाकावर दोन-तीन पेशंट होते आणि मधला पडदा नुसताच नावाला होता.

"मध चांगला आहे," सुष्मिता म्हणाली. "मी तपासला."

डॉ. मगदूमनी जखम पुन्हा पाहिली. "मग याला कारण काय? काहीतरी असणारच ना." त्यांच्या आवाजात संशय नव्हता, कुतूहल होतं. सुष्मिताला तेच सोसवेना. संशय घेतला असता तर खोटं बोलायला काहीतरी आधार मिळाला असता.

"मी मशेरी लावते."

पडद्यापलीकडची कुजबुज थांबली.

"दाढ काढल्यावरही?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"सुष्मिता, मी तुला विचारलं होतं."

"हो."

"आगं, मशेरी म्हंजे काय तंबाखू हाय व्हय?" गौराबाई मध्ये पडली. "दात घासायची पूड ती. उलट दात बळकट हुत्यात. सांगा की, डॉक्टरीणबाई."

डॉक्टरनी सांगितलं. आवाज न चढवता, सोप्या शब्दांत, गाठ का टिकत नाही तेही. गौराबाई ऐकत राहिली. ऐकता ऐकता तिनं पदर तोंडावर घेतला. तो मग खाली आलाच नाही.

मेहमुदा मात्र डॉक्टरकडे बघतच नव्हती. "म्या बी लावती मशेरी," ती सुष्मिताला म्हणाली. "त्याचं मला काय न्हाय. पर माझ्या पायरीवर बाटल्या येऊन पडत हुत्या, तवा तू खिडकीत हुतीस. म्या बघितलं तुला. शिकलेली पोरगी, तुला ठावं हुतं."

"ठाऊक होतं."

"मग हितं पडद्याआड काय सांगतीस? नळावर सांग."

नळावर सांगणं सोपं जाईल असं सुष्मिताला वाटलं होतं, कारण तिथं सगळ्याच मशेरीवाल्या होत्या. झालं उलटंच. तिनं सांगितलं, आणि बायका हसल्या.

"मशेरीनं तोंड सडत आसतं, तर आमी आजून जित्त्या कशा?" बयाबाई म्हणाली. "मेहमुदानं शिकीवलं वाटतं हिला."

"पोरगी भिडंची हाय. शेजाऱ्याला सांभाळतीया."

सुष्मितानं पुन्हा सांगितलं. बशी, जंतू, वर्तुळ. तिचे शब्द नळाच्या धारेत वाहून जात होते. खरं बोलायला इतकी लाज सोसावी लागली होती, आणि ते खरं कुणाच्या कामीच येत नव्हतं. मेहमुदानं घागर उचलली.

"थांब," गौराबाई म्हणाली.

ती नेहमीच मोठ्यानं बोलायची. आज ती आधी पुढं आली. मग तिनं पदर खाली घेतला.

"मधात काय बी नव्हतं. काकवी म्या म्हनाली. डॉक्टरीण काकवी म्हनली न्हवती, ते माझ्या मनाचं हुतं." तिनं हातातली घागर खाली ठेवली. "आनी पोरीला मशेरी म्या लावली. शाळंत हुती. दाढ दुखती म्हनून रडत हुती, म्या बोटावर ठिवली. तिचं तोंड म्या सडवलं. ह्या बाईच्या नावावर घातलं."

कुणी हसलं नाही. बयाबाईनं नळ बंद केला, मग कुणाची तरी घागर अर्धीच आहे म्हणून परत सोडला.

"ऐकलं नव्हं समद्यांनी?" मेहमुदानं विचारलं. उत्तराची वाट न बघता ती घागर घेऊन गेली.

दोन-तीन घरच्या बाटल्या दुपारी पायरीवरून परत गेल्या, न बोलता, जशा आल्या होत्या तशाच. गौराबाईची बाटली तिथंच होती. ती आणायला सुष्मिता गेली, तेव्हा मेहमुदा आत धान्य निवडत बसली होती.

"ती ऱ्हाऊ दे हितंच," तिनं वर न बघता सांगितलं. "तुझ्या तोंडाला लावाया मी मध देनार न्हाय. मशेरी सुटली की ये. तवर पुन्यांदा माझ्याच मधाचं नाव खराब हुयाचं."

सुष्मिता उंबऱ्याबाहेर उभी राहिली. हे वैद्यकीयदृष्ट्या अगदी बरोबर होतं.

"सोडते, मावशी."

"सोडतीस का न्हाय, ते तुझी जखम सांगंल," मेहमुदा म्हणाली आणि सुपातला खडा वेचून बाहेर टाकला.